कमावणाऱ्याचे माप, खाणाऱ्याचे माप

घरात रोजच्या खाण्यावर किती पैसा जावा, हा प्रश्न साधारणपणे स्वयंपाकघरातला मानला जातो. किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, महागलेले तेल यांत तत्त्वज्ञान कसले, असे कुणीही म्हणेल. पण थोडा विचार केला तर न्यायाचे बहुतेक सगळे प्रश्न माणसाला प्रथम दस्तरखानावरच भेटतात. आपल्या वाट्याला किती आले, भावाला किती, पाहुण्याला आधी का, दादीला मऊ पोळी का आणि अम्मी सगळ्यांनंतर का, हे मूल मदरशात किंवा शाळेत जाण्याआधीच शिकलेले असते. म्हणून हा विषय नीतीच्या अंगाने तपासून पाहावा असे वाटते.

मी यंत्रमागाच्या गावात उर्दू शाळेत शिकवते. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी महिन्याचा पगार येत नाही, आठवड्याचा हप्ता येतो. हप्ता हातात आला की दोन दिवस घरात भाजी, अंडी, क्वचित गोश्त. मधले दिवस डाळ-भाताचे. शेवटचे दोन दिवस चहा-पावाचे. कारखाना बंद पडला तर चहा-पावाचे दिवस वाढतात. मुलांच्या डब्याकडे पाहून आज आठवड्यातला कितवा दिवस आहे हे सांगता येते. एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या मागांवर काम करणाऱ्या दोन कारागिरांची मुले एकाच वर्गात बसतात. दोघांच्या वडिलांची कमाई जवळजवळ सारखी. तरी एकाचा डबा भरलेला आणि दुसऱ्याचा अर्धा असतो. हा फरक कुठून येतो?

उत्पन्न आणि खाणे यांचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला तो जर्मनीतील सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी, १८५७ साली. बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून त्यांनी सांगितले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा मोठा. उत्पन्न वाढले की अन्नावरचा खर्चही वाढतो, पण उत्पन्नाइतक्या वेगाने नाही. म्हणून अन्नाचा हिस्सा घटत जातो. आपल्या देशातही हेच दिसते. सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतात घरखर्चातील सुमारे ५९ टक्के रक्कम अन्नावर जात होती, शहरांत सुमारे ४८ टक्के. २०२३-२४ च्या पाहणीत हे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ४७ आणि शहरांत सुमारे ४० टक्के आले. देश एकंदरीत पूर्वीपेक्षा सुस्थितीत आहे, असा याचा अर्थ लावता येतो.

पण देशाची सरासरी ही देशाची असते, घराची नसते. एंगेल यांनाही हे ठाऊक होते. बाळ आणि बाप सारखे खात नाहीत, मग कुटुंबे डोकी मोजून कशी तोलायची? त्यांनी एक माप सुचवले आणि अडॉल्फ केतले या बेल्जियन विद्वानाच्या नावावरून त्याला ‘केत’ म्हटले. नवजात बालक म्हणजे एक केत. पुढे वयाच्या दर वर्षाला एक दशांशाची भर, पुरुषाची पंचविसाव्या वर्षापर्यंत आणि स्त्रीची विसाव्या वर्षापर्यंत. म्हणजे पूर्ण वाढलेला पुरुष साडेतीन केत आणि स्त्री तीन. आपल्याकडेही आहारशास्त्रात असेच माप वापरतात. बैठे काम करणारा पुरुष म्हणजे एक एकक. मध्यम श्रमाचा १.२, जड श्रमाचा १.६. बैठे काम करणारी स्त्री ०.८, मध्यम श्रमाची ०.९. एक ते तीन वर्षांचे मूल ०.४, आणि बारा वर्षांच्या पुढचा मुलगा किंवा मुलगी पूर्ण १.

हे माप आमच्या दोन कारागिरांना लावून पाहू. समजा दोघांची महिन्याची कमाई १५,००० रुपये. पहिल्याच्या घरी नवरा, बायको आणि चार व सहा वर्षांची दोन मुले, म्हणजे चार माणसे. दुसऱ्याच्या घरी नवरा, बायको, म्हातारी आई आणि पंधरा, तेरा, दहा व सहा वर्षांची चार मुले, म्हणजे सात माणसे. डोकी मोजली तर दुसरे घर पावणेदोन पट मोठे. पण एकके मोजली तर पहिले घर ३.२ आणि दुसरे ६.३ भरते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण दुसऱ्या घरातली मुले वाढीच्या वयाची आहेत आणि त्यांची भूक बापाच्या भुकेला येऊन भिडली आहे.

आता समजा पहिले घर खाण्यावर ६,५०० रुपये खर्च करते आणि दुसरे ९,०००. पहिल्याच्या कमाईचे ४३ टक्के अन्नावर गेले, दुसऱ्याचे ६०. गल्लीतला माणूस म्हणेल, ‘त्या घरात खाण्यावर फार उडवतात.’ पण एककाने भागून पाहा. पहिल्या घरात दर एककाला महिन्याला सुमारे २,०३० रुपये आले, दुसऱ्यात सुमारे १,४३०. दिवसाचे म्हटले तर ६८ रुपये आणि ४८ रुपये. ज्या घराने जास्त खर्च केला तेच घर कमी जेवले. शिवाय पहिल्या घरात बाकीच्या गरजांसाठी ८,५०० उरले आणि दुसऱ्यात ६,०००. त्यातच घरभाडे, वीज, दवा आणि चार मुलांचे शिक्षण. दादीची दवा थांबते, मोठ्या मुलीची शाळा सुटते. अन्नावरच्या खर्चाचा निर्णय हा अशा रीतीने शिक्षणाचाही निर्णय असतो, आणि तो बहुधा कुणी बसून घेतलेला नसतो.

इथे हमखास ऐकू येणारे वाक्य असे: ‘मग इतकी मुले कशाला?’ हे वाक्य आमच्या समाजाबद्दल जरा जास्तच सहजपणे बोलले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ च्या आसपास आला. कुटुंब लहान होते आहे, ते व्हावेही. पण नीतीच्या दृष्टीने या वाक्यात एक खोट आहे. कुटुंब किती मोठे असावे हा प्रश्न मूल जन्माला येण्याआधीचा. जे मूल दस्तरखानावर येऊन बसले आहे, त्याच्या पोळीचा हिशेब त्याच्या आईबापाच्या निर्णयावरून करता येत नाही. चौथे मूल आपल्या चौथेपणाला जबाबदार नाही.

मूळ प्रश्न असा की घरातले अन्न कोणत्या मापाने ठरावे? कमावणाऱ्याच्या ऐपतीच्या, की खाणाऱ्याच्या गरजेच्या? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. नफका, म्हणजे घरच्यांच्या पालनपोषणाचा खर्च, ही इस्लामी कायद्यात मेहेरबानी नाही, जबाबदारी आहे. सूरह तलाकमध्ये ऐपतवाल्याने ऐपतीप्रमाणे आणि तंगी असलेल्याने त्याला मिळालेल्यातून खर्च करावा, असा आदेश येतो. ही झाली कमावणाऱ्याची बाजू. दुसरीकडे हदीसमध्ये हिंद बिंत उत्बा यांची तक्रार नोंदली आहे. पती अबू सुफियान हात आखडता घेतात, घरखर्चाला पुरत नाही, असे त्या पैगंबरसाहेबांना सांगतात. त्यांना परवानगी मिळते की स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके पतीच्या मालातून, त्याला न विचारताही, घ्यावे. इथे माप कमावणाऱ्याच्या मर्जीचे उरले नाही. ‘पुरेल इतके’ हे खाणाऱ्याचे माप झाले.

फुकहांमध्येही यावर मतभेद झाले. पत्नीच्या नफक्याबाबत शाफई मताने ठरीव माप सांगितले: तंगदस्ताने रोज एक मुद धान्य, मध्यम ऐपतीच्याने दीड, संपन्नाने दोन. हनफी मताने असा आकडा न बांधता किफायत, म्हणजे पुरेसे असणे, हे माप धरले. पहिल्या पद्धतीत खात्री आहे, कारण भांडण झाले तर काजीला आकडा सापडतो. दुसऱ्या पद्धतीत माणसाकडे पाहण्याची सक्ती आहे, कारण पुरेसे म्हणजे किती हे ती स्त्री कोण, तिची प्रकृती कशी, हे पाहिल्याखेरीज ठरत नाही.

हा जुना वाद आजच्या रेशन दुकानात जसाच्या तसा उभा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात दोन मापे आहेत. प्राधान्य कुटुंबाला दरमाणशी महिन्याला ५ किलो धान्य. अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो, मग घरात माणसे कितीही असोत. अंत्योदय म्हणजे गरिबांतले गरीब. दोन माणसांच्या अंत्योदय घरात माणशी साडेसतरा किलो येते. दहा माणसांच्या अंत्योदय घरात माणशी साडेतीन किलो, म्हणजे त्याच्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या प्राधान्य कुटुंबाहूनही कमी. कायद्याचा हेतू चांगला होता, पण कार्डाचे माप घेतले की कार्डामागची माणसे दिसेनाशी होतात. दरमाणशी पाच किलोलाही मर्यादा आहेच. त्यात दोन वर्षांचे बाळ आणि माग चालवणारा बाप एकच.

हजरत उमर यांच्या खिलाफतीतली एक हकीकत इतिहासकार सांगतात. दूध सुटलेल्या मुलांना बैतुलमालमधून वजीफा मिळत असे. एका रात्री त्यांना एक मूल सतत रडताना ऐकू आले. चौकशी केली तेव्हा कळले की वजीफा लवकर सुरू व्हावा म्हणून आई त्याचे दूध वेळेआधी तोडते आहे. तेव्हापासून वजीफा जन्मापासून सुरू करण्याचा हुकूम निघाला. नियम चांगल्या हेतूने केला, तरी तो कुणाच्या पोटावर कसा पडतो हे जाऊन पाहावे लागते, हा या हकीकतीचा अर्थ मला मोलाचा वाटतो.

शाळेत अशीच एक गोष्ट दर वर्षी दिसते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचे शिजवलेले अन्न मिळते. गरीब घराला ही मोठी मदत आहे. पण आठवी संपली की ताट बंद. म्हणजे मूल जेव्हा पूर्ण एककाचे होते, घरातल्या मोठ्या माणसाइतके खाऊ लागते, त्याच सुमारास शाळेतले जेवण थांबते. नववीत गळती का होते याची कारणे अनेक आहेत: कमाईची ओढ, मुलींची लग्ने, शाळेचे अंतर. त्या यादीत हे रिकामे ताटही लिहायला हवे.

आता घराच्या आत येऊ. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी १९९८ मध्ये एक कोडे मांडले. मोठ्या कुटुंबात घर, दिवा, भांडी वाटून वापरली जातात, त्यामुळे माणशी खर्च सारखा असला तरी मोठे कुटुंब थोडे सुखी असायला हवे आणि गरीब असेल तर वाचलेला पैसा त्याने खाण्यावर घालायला हवा. प्रत्यक्षात अनेक देशांच्या आकडेवारीत उलटे दिसले. कुटुंब मोठे होईल तसा अन्नावरचा माणशी खर्च घटतो, आणि गरीब देशांत तर अधिकच. एकत्र शिजवल्याने नासाडी कमी होते, एकदम घेतल्याने स्वस्त पडते, अशी उत्तरे पुढे आली. कोडे पूर्ण सुटले असे मानले जात नाही.

आपल्या घरांत याला ‘बरकत’ म्हणतात. एकाचे जेवण दोघांना आणि दोघांचे चौघांना पुरते, अशा आशयाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. एकत्र खाण्यात बरकत असते हे मीही मानते. पण ही शिकवण वाटून घेण्याची आहे. ताटात कमी आले तरी सर्वांना कमी यावे, हा तिचा गाभा. कुणा एकीच्या उपाशी राहण्याने बाकीच्यांना पुरले तर त्याला बरकत कसे म्हणायचे?

आणि ती एकजण कोण, हे सांगायला नको. आमच्या अम्मीचे ‘मी मघाशीच खाल्ले’ हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणी इतक्यांदा ऐकले की ती मघाची वेळ कोणती, हे कुणी विचारलेच नाही. आजही पाहुणे जास्त आले, गोश्त कमी पडले, तर घटणारे ताट ठरलेले असते. त्या बाईला विचारले तर ती तक्रारही करणार नाही. अमर्त्य सेन यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. स्त्री घराच्या भल्यालाच आपले भले समजू लागते, आणि तिची तक्रार नाही याचा अर्थ अन्याय नाही असा होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांपैकी २५ टक्के. या फरकामागे शरीराची कारणेही आहेत, सगळा दोष ताटाचा नाही. पण शरीराला ज्याची अधिक गरज, ते तिच्याच ताटात शेवटी पोहोचावे, हे त्या कारणांमुळे अधिकच गंभीर होते.

याला त्याग म्हणून गौरवण्याची आपल्याला सवय आहे. आपल्याकडे त्यासाठी फार सुंदर शब्द आहे, ईसार. स्वतःला गरज असताना दुसऱ्याला पुढे करणे. सूरह हश्रमध्ये मदीनेच्या अन्सारांची स्तुती याच गुणासाठी आली आहे. पण अन्सारांपुढे न देण्याचा पर्याय होता. देणारा मोकळा असेल तरच देणे हा ईसार होतो. जिथे देणारी व्यक्ती रोज तीच, घेणारे रोज तेच आणि तिने एक दिवस दिले नाही तर चर्चा होते, तिथे तो ईसार नाही, ती व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेला थोर शब्द लावला की ती बदलण्याची गरज कुणाला वाटत नाही. माझ्या मते ईसाराची खरी परीक्षा कमावणाऱ्याने द्यायची आहे. ज्याच्या पुढे ताट आधी येते त्याने ते पुढे सरकवले, तर त्याला अर्थ आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो माग चालवतो, बारा तास उभा राहतो, त्याने आधी आणि पोटभर खाल्ले नाही तर उद्या घरात काहीच येणार नाही. मघाच्या मापातही जड श्रमाला १.६ एकक दिले आहे. खरे आहे. कष्टणाऱ्याला जास्त मिळणे हा अन्याय नव्हे, ते गरजेचेच माप आहे. पण मग ते माप सर्वांना लावावे. दूध पाजणारी आई, घरकाम आटोपून रात्री कांड्या भरणारी बाई, वाढीतली मुलगी, यांचीही गरज बैठ्या माणसाहून जास्त आहे. तिथे मात्र आपण गरज सोडून दर्जा मोजतो. शिवाय कष्ट जास्त पोळ्या मागतात, अंडी आणि गोश्त फक्त आपल्याच ताटात यावे असे मागत नाहीत.

पैसा कुणाच्या हातात येतो यानेही खाणे बदलते. जॉन हॉडिनॉट आणि लॉरेन्स हद्दाद यांनी आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या कुटुंबांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. बायकोच्या हातातील उत्पन्नाचा वाटा वाढला की अन्नावरचा हिस्सा वाढतो आणि दारू-सिगारेटवरचा घटतो, असे त्यांना दिसले. आपल्या राज्यात २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यात जमा होऊ लागले. त्यावर राजकारण भरपूर झाले. पण आमच्या शाळेतल्या काही आयांनी त्यातून रोजचे अर्धा लिटर दूध लावले, हे मी जवळून पाहिले आहे. हिंद यांना मिळालेल्या परवानगीचा आशयही हाच नव्हता का? घराला काय पुरेल, हे घर चालवणारीला जास्त कळते.

दुसरे टोक म्हणजे उधळपट्टी. सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक आणि अतिरेकाची मनाई एकाच आयतीत आली आहे. लग्नाच्या दावतीत कर्ज काढून चार पदार्थ करायचे आणि पुढचे सहा महिने घरच्यांनी मसूरच्या डाळीवर काढायचे, यात इस्राफही आहे आणि घरच्यांच्या हक्काची चोरीही. मात्र गरिबाने सणाला केलेली बिर्याणी किंवा हप्त्याच्या दिवशी मुलासाठी घेतलेला जिलेबीचा पुडा यांना उधळपट्टी म्हणताना जीभ आवरावी. अन्न हे केवळ उष्मांक नाही. ज्याच्या आयुष्यात दुसरी चैन नाही, त्याने चवीवर चार पैसे घातले तर तो अविचार ठरत नाही. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा आला. त्यानंतर गरिबांच्या ताटातला स्वस्त गोश्ताचा एक पर्याय गेला. तेव्हा या घरांत काय खावे यावर उपदेश झाले, पण काय परवडते याची चौकशी थोड्यांनीच केली.

मग मार्ग कोणता? मोठी व्यवस्था बदलण्याची ताकद शिक्षकाच्या हातात नसते. पण रमजानकडे पाहून मला धीर येतो. त्या महिन्यात मगरिबची अजान झाली की कमावणारा आणि शिजवणारी एकाच क्षणी खजूर तोंडात घालतात. तिने नंतर उरलेले खावे, असे त्या क्षणी कुणाच्या मनातही येत नाही. तिची चुलीपुढची धावपळ संपत नाही हे खरे, पण खाण्याचा क्रम तरी मोडतो. जो क्रम वर्षातून महिनाभर मोडता येतो, तो निसर्गाने घालून दिलेला नाही, हे उघड आहे.

आठवी-नववीच्या वर्गाला मी टक्केवारी शिकवते तेव्हा घरखर्चाचे गणित देते. आकडे खरे आणू नका, असे आधीच सांगते, कारण कुणाच्याही घराची तंगी फळ्यावर यायला नको. काल्पनिक कुटुंब घ्यायचे, माणसांची वये लिहायची, एकके काढायची आणि मग पैसे वाटायचे. मुले पहिल्यांदा बापाच्या नावापुढे मोठा आकडा लिहितात आणि आईच्या नावापुढे उरलेला. आईचे काम किती तासांचे, असे विचारले की थोडा वेळ वर्ग गप्प होतो आणि मग मुली बोलू लागतात. तो आकडा खोडून पुन्हा लिहिला जातो. घरोघरी महिन्याचा हिशेब लिहिताना किराण्याच्या यादीशेजारी खाणाऱ्यांचीही यादी लिहिली, प्रत्येकाचे वय आणि काम त्यात धरले आणि त्या यादीत लिहिणारीने स्वतःचे नाव गाळले नाही, तर कमाई न वाढताही वाटणी थोडी बदलेल. कमाई वाढवणे आपल्या हातात नेहमी नसते. वाटणी मात्र रोज दोन वेळा आपल्याच हातून होते, आणि तिचा जबाब आपल्यालाच द्यायचा आहे.